दिव्यांची खतावणी

महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरू लागले की प्रतापगड एका अंगाला राहतो आणि रस्ता वळणे घेत घेत पोलादपूरकडे खाली येतो. इंग्रजांनी या घाटाला आपल्या एका गव्हर्नराचे, फिट्झगेराल्डचे, नाव दिले होते. आम्ही त्याला आंबेनळीच म्हणत आलो. माझ्या लहानपणी रात्रीच्या एस.टी.तून या घाटाने येताना खाली दरीत काही म्हणजे काही दिसत नसे. फार तर एखाद्या वाडीतला कंदील, आणि पावसाच्या तोंडाशी झाडांवर लुकलुकणारे काजवे. आता त्याच वळणांवरून आमच्या गावच्या भैरवनाथाचे देऊळ दिसते. कधी भगवे, कधी जांभळे, कधी मोरपंखी. गाडीतले पाहुणे काचा खाली करून बघतात आणि विचारतात, ''इथे रिसॉर्ट झालंय का हो?''

हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला राग आला होता. पण राग नेमका कोणावर धरायचा ते कळेना. महाड-पोलादपूरकडच्या कुठल्याही गावासारखे आमचे गाव. घरे साठेक, त्यातली निम्मी कुलूपबंद. माणसे मुंबईत, आणि मुंबईत त्यांचे ग्रामस्थ मंडळ. देवळाचा जीर्णोद्धार मंडळाने केला, सभामंडपाला फरशी मंडळाने घातली आणि रंग बदलणारे दिवेही मंडळानेच बसवले. भाड्याच्या खोलीत राहून वर्गणी काढणाऱ्या माणसांनी आपल्या देवाला थोडे झगमगवले, तर पेन्शन खात गावी बसलेल्या माझ्यासारख्याने नाक मुरडू नये. तेव्हा मी गप्प बसलो.

दोन वर्षांपूर्वी आषाढात मात्र गप्प बसवेना. आमचे गुरव वारले. वय ऐंशीच्या घरात. पन्नासहून अधिक वर्षे देवळातला नंदादीप त्यांनी सांभाळला. दोन्ही मुलगे मुंबईला. त्यांची वाट पाहत मयत रात्रभर अंगणात, देवळापासून हाकेच्या अंतरावर, ताडपत्रीखाली ठेवले होते. गावात मयत असले की आमच्याकडे देवळात घंटासुद्धा वाजत नाही. पाऊस कोसळत होता, संध्याकाळपासून वीज गेली होती. मध्यरात्रीनंतर वीज आली, आणि देऊळ नाचू लागले. लाल, हिरवे, निळे, पिवळे. क्षणाला एक रंग. समोर बसलेल्या बायांच्या तोंडांवर ते रंग पडत होते. गुरवांच्या पांढऱ्या कापडावरही पडत होते.

दिवे बंद करायला धावलो तर कंट्रोलरच्या पेटीला कुलूप. किल्ली मंडळाच्या चिटणिसांकडे, ते घाटकोपरला. पासवर्ड कंत्राटदाराकडे, आणि तो फोन उचलत नव्हता. शेवटी गावातला वायरमन पोरगा भिजत आला आणि त्याने देवळाचा मेन स्विचच पाडला. गाभाऱ्यात तेवढा नंदादीप उरला.

त्या रात्री मला पडलेला प्रश्न बँकेतल्या माणसाचा होता. हे खाते कोणाच्या नावावर आहे? त्यावर सही कोणाची चालते?

दिवस झाल्यावर तो वायरमन आणि मी पेटी उघडून बसलो. मला विजेतले काही कळत नाही. पण तो सांगू लागला तशी मला आमच्या जुन्या शाखेतली लेजरे आठवू लागली. या दिव्यांना हुकूम देण्याची जी पद्धत आहे तिला डीएमएक्स म्हणतात. ती मुळात नाटकाच्या रंगमंचासाठी निघाली. १९८६ साली अमेरिकेतल्या रंगभूमी-तंत्रज्ञांच्या संस्थेने तिचे नियम ठरवले. हेतू एवढाच की एका कंपनीचा बोर्ड आणि दुसऱ्या कंपनीचे दिवे यांनी एकमेकांचे ऐकावे. आज इमारतींवर रंगीत प्रकाश टाकतात तो बहुतेक ठिकाणी याच पद्धतीने.

एका तारेवर ५१२ खाती असतात. प्रत्येक खात्यात शिल्लक शून्यापासून २५५ पर्यंत, तिच्यापलीकडे नाही. शून्य म्हणजे दिवा मालवलेला, २५५ म्हणजे पूर्ण तेज. कंट्रोलर पहिल्या खात्यापासून शेवटच्या खात्यापर्यंत सगळ्या शिलका ओळीने वाचून दाखवतो आणि संपले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. पाचशे बारा खात्यांचे हे वाचन सेकंदाला सुमारे चव्वेचाळीस वेळा होते. तारेवरचा प्रत्येक दिवा सगळी यादी ऐकतो, पण आपल्या खात्यापुरतीच मनावर घेतो. आमच्या दिव्यांना खाती चार-चार: लाल, हिरवा, निळा आणि पांढरा. म्हणजे पहिल्या दिव्याचा पत्ता १, दुसऱ्याचा ५, तिसऱ्याचा ९. शिखराला चार दिवे, सभामंडपाच्या खांबांना सहा, समोरच्या वडाला दोन. बाराव्या दिव्याचा पत्ता ४५ आणि त्याचे शेवटचे खाते ४८. संपली खतावणी. नुसत्या लाल, हिरव्या, निळ्याच्या मिश्रणातून एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक छटा निघतात म्हणतात. तो फक्त २५६ गुणिले २५६ गुणिले २५६ हा गुणाकार आहे. माणसाच्या डोळ्याला त्यातल्या किती वेगळ्या दिसतील, हा भाग निराळा.

आमच्या देवळाच्या खांबावरचा सातवा दिवा पहिल्यापासून फटकून वागत असे. बाकीचे भगवे असले की हा पांढराफटक, बाकीचे पांढरे असले की हा निळा. गावात त्याला 'जावई' म्हणत. उघडून पाहिले तर आत पत्ता लावायचे नऊ बारीक खटके. त्यांची किंमत दामदुपटीने वाढत जाते: १, २, ४, ८, १६ अशी २५६ पर्यंत. सातव्या दिव्याचा पत्ता हवा २५. म्हणजे १६, ८ आणि १ हे खटके वर. कंत्राटदाराच्या माणसाने १ च्या जागी शेजारचा २ वर केला होता, त्यामुळे पत्ता झाला २६. एका घराने सगळा हिशेब सरकला. त्याच्या हिरव्याचा आकडा तो लाल म्हणून घेत होता आणि शेजारच्या दिव्याचा लाल आकडा आपला पांढरा म्हणून. भगव्यात लाल भरपूर, म्हणून हा पांढरा पडे. एका खातेदाराची रक्कम शेजारच्या खात्यात जमा झाल्याची प्रकरणे मी जन्मभर निस्तरली, तेव्हा हा घोटाळा मला सगळ्यांत आधी कळला. वायरमन खूश होऊन म्हणाला, ''काका, तुम्हाला आमच्या लायनीत घ्यायला पाहिजे होतं.''

दुसरे दुखणे तारेचे. दिवे मधूनच थरथरत. गावातल्या बायका म्हणत, भैरी कौल देतोय. पाहिले तर ध्वनिक्षेपकाच्या माइकची केबल वापरलेली. दिसायला सारखी आणि स्वस्त. पण या कामासाठी वेगळ्या गुणाची केबल लागते. शिवाय ही तार एका दिव्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी माळेसारखी जायला हवी. मध्येच तिला फाटा फोडून चालत नाही, आणि वडाच्या दिव्यांसाठी नेमका तसा फाटा फोडला होता. माळेच्या शेवटच्या दिव्यावर १२० ओहमचा एक रोधक बसवावा लागतो. त्याला टर्मिनेटर म्हणतात, आणि त्याची किंमत कटिंग चहापेक्षा कमी. तो नसेल तर तारेच्या टोकाला पोचलेला संदेश तिथे विरत नाही. दरीत हाक मारावी तसा उलटा फिरून येतो आणि मागून येणाऱ्या संदेशात मिसळतो. आमच्याकडे तो रोधक नव्हता. भैरीचा कौल म्हणजे हा प्रतिध्वनी होता.

मग त्या रात्रीचे काय? वीज परत आल्यावर कंट्रोलर पासवर्डची वाट पाहत थांबून राहिला. दिव्यांना हुकूम मिळेना. हुकूम मिळाला नाही तर काय करायचे, हे दिव्यात आधी ठरवून ठेवता येते: शेवटचा रंग धरून राहायचे, मालवायचे, की कारखान्यात भरलेला सप्तरंगी नाच सुरू करायचा. आमच्या दिव्यांत नाच ठेवलेला होता. तो तसा का, हे कोणी विचारले नाही, कारण असा प्रश्न असतो हेच कोणाला माहीत नव्हते. दिवे बसवताना मालवण्याचा विचार केला नाही, एवढाच आमचा सगळ्यांचा गुन्हा.

या पद्धतीत मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. हुकूम एकाच दिशेने जातो. कंट्रोलर सांगत राहतो. दिव्याने ऐकले का, तो पेटला का, पाण्याने भरला का, काही कळत नाही. पोच नाही. पुढे २००६ साली दिव्यांनी उलट बोलावे अशी जोड या पद्धतीला मिळाली, पण स्वस्त दिव्यांत ती सहसा नसते. मी बँकेत लागलो तेव्हा गावोगावी मुंबईहून मनीऑर्डरी येत. पोस्टमन अंगठा किंवा सही घेई आणि पोचेचा तुकडा उलट मुंबईला जाई. त्या चतकोर कागदावर गिरणगावातल्या माणसाला कळे की घरी कोणीतरी आहे, हात धड आहे, पैसे पोचले. आता मुंबईहून दिवे येतात, फरशी येते, कमान येते. पोच मागायला कोणी थांबत नाही.

ही काही दिव्यांपुरती गोष्ट नाही. आमच्या तालुक्यांना हिचा जुना अनुभव आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले, कागदावर. हुकूम सुटला होता, पण तळ्याच्या काठावर तो पोचला नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा त्या ठरावाची पोच मिळाली. त्यासाठी लोकांनी मार खाल्ला आणि उच्च न्यायालयाचा निकाल हाती यायला १९३७ साल उजाडले.

हे सगळे मला आठवायला कारण झाली ती गावची बैठक. पत्ते नीट लागले, तार बदलली, रोधक बसला. आता कोणत्या दिवशी कोणता रंग, ते ठरवायचे होते. शिमग्याला भगवा, नवरात्रात रोजचा वेगळा, स्वातंत्र्यदिनाला तिरंगी, इथवर सगळे सुरळीत चालले. मग मागे बसलेला बौद्धवाडीतला एक पदवीधर पोरगा उठून म्हणाला, ''चौदा एप्रिलला निळा लावणार का?'' बैठक गप्प झाली. ज्या यंत्रात कोटी-दीड कोटी रंग होते त्यातला एक रंग आम्हाला सापडेना. कोणी म्हणाले, देवळाचा आणि जयंतीचा काय संबंध. कोणी म्हणाले, उद्या हिरवा मागतील. पोरगा शांतपणे म्हणाला, ''दिव्यांची वर्गणी आमच्या वाडीनेपण दिलीय. पावती आहे.''

दोन बैठका झाल्या. मुंबईला फोन गेले. शेवटी वहीत चौदा एप्रिल आणि वीस मार्च या दोन तारखांपुढे 'निळा' असे लिहिले गेले. खाली पाचांपैकी तिघांनी सह्या केल्या, दोघांनी केल्या नाहीत. दोन जागा अजून कोऱ्या आहेत. पण गेल्या एप्रिलात देऊळ निळे झाले आणि काही आकाश कोसळले नाही. वाडीतली म्हातारी माणसे रस्त्यावर उभी राहून बराच वेळ बघत होती. देवळाच्या पायरीपर्यंत मात्र त्यांतले थोडेच आले. तेवढा हुकूम अजून पोचायचा आहे.

आता गावाबाहेरचे बोलतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यातला रायगड आमच्या महाड तालुक्यात आणि प्रतापगड आमच्या घाटाच्या माथ्यावर. आनंदाची गोष्ट आहे. पण अशा आनंदापाठोपाठ निविदा येतात, आणि निविदांत रोषणाई असते. रायगडाने तिची चव घेतली आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये शिवजयंतीच्या सुमारास गडावर रंगीबेरंगी झोत सोडले गेले. तेव्हा रायगड विकास प्राधिकरणाचे अध्यक्ष असलेले संभाजीराजे छत्रपती यांनीच हे गडाचे डिस्कोथेक झाले, अशा अर्थाची जाहीर नापसंती व्यक्त केली. त्या वेळी वाद झाला तो बहुतेक कोणी केले आणि कोणी करू दिले यावर. दिवे कोणत्या खतावणीवर चालतात, ते मालवायची किल्ली कोणाकडे, आणि अंधार किती ठेवायचा, हे प्रश्न राहून गेले.

मी रोषणाईच्या विरुद्ध नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत तिरंगी उजळते तेव्हा मीसुद्धा रस्त्यापलीकडे थांबून पाहिले आहे. प्रतापगडावर नवरात्रात शेकडो मशाली पेटवतात ते दृश्य तर एकदा पाहावेच. पण मशाल कोणाच्या तरी हातात असते. तेल संपते, हात दुखतो, रात्र सरते. विजेच्या दिव्याला हात दुखत नाही, म्हणून त्याच्या वतीने कोणीतरी थांबायचे ठरवावे लागते. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसवर हल्ले झाले तेव्हा आयफेल टॉवरचे दिवे मालवून त्या शहराने आपला शोक सांगितला. मालवणे हीही एक भाषा आहे. आमच्याकडे गुरवांच्या मयताला ती बोलता आली नाही.

आणि अंधार ही सगळीच काही उणीव नाही. हिरकणीची कथा खरी की खोटी हे इतिहासकारांनी ठरवावे. पण सूर्यास्ताला दरवाजे बंद होणारा रायगड आणि तान्ह्या बाळासाठी अंधारात कडा उतरणारी गवळण, या कथेत रात्र हेही एक पात्र आहे. त्या बुरुजावर जांभळा झोत टाकला की कथा संपली. काजव्यांचे तर सगळे जगणेच अंधारावर चालते. नर लुकलुकतो, मादी उत्तर देते, आणि भोवती कृत्रिम उजेड असला की ही उत्तरे हरवतात. मनीऑर्डरीसारखीच त्यांचीही पोच असते.

उजेड जिथे हवा तिथे मात्र तो नाही, हेही सांगितले पाहिजे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात गेला आणि त्याबरोबर दोन एस.टी. गाड्या गेल्या. जुलै २०२१ मध्ये तळियेवर दरड कोसळली, महाड पाण्याखाली गेले, वीज आणि फोन बंद पडले. अशा मुलखात सरकारने प्रकाशावर पैसा घालायचा असेल तर पहिला रुपया दवाखान्याच्या, घाटाच्या आणि पुलाच्या दिव्यावर पडावा. किल्ल्याची शोभा त्यानंतर.

ती शोभा करायचीच असेल तर एका जुन्या बँकवाल्याचे थोडे ऐकावे. काय उजळायचे याची यादी करण्याआधी काय कधीच उजळायचे नाही याची यादी करावी. रोज किती वाजता मालवायचे ते लिहून ठेवावे. प्रत्येक दिव्याचा पत्ता, तारेचा मार्ग, रोधकाची जागा, हे सगळे मराठीत एका वहीत असावे, आणि ती वही गडावर असावी, कंत्राटदाराच्या लॅपटॉपमध्ये नव्हे. हुकूम तुटला तर दिव्याने नाचू नये, मालवावे. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोघांकडे. तशी पेटीची किल्ली आणि पासवर्ड दोघांकडे असावा, आणि त्यातला एक पायथ्याच्या गावात पगारावर राहणारा माणूस असावा. दिवा लागला की नाही हे रोज डोळ्यांनी पाहून लिहिणारा माणूस, हीच स्वस्त दिव्यांची पोच.

आमच्या देवळात आता तशी वही आहे, खिळ्याला टांगलेली. गुरवांचा धाकटा मुलगा मुंबई सोडून गावी आला आहे, तोच लिहितो. रात्री नऊनंतर शिखराचे चारच दिवे, मंद पांढरे. दहाला तेही बंद. वडाचे दोन दिवे काढून टाकले, कारण त्यावर बगळ्यांची वस्ती आहे. परवा वही चाळत होतो. मधल्या एका पानावर त्याच्या वळणदार अक्षरात एवढेच लिहिले होते: 'वरच्या वाडीत मयत. आज दिवे लावले नाहीत.' खाली सही होती.